देवाच्या नावची तांबडी

"आजचा पाहुणा लंगडतोय," कुंपणापलीकडे काका कुणाला तरी सांगत होते. मी फटीतून पाहिलं. ते उकिडवे बसले होते आणि समोर फक्त कोंबड्या होत्या.

कोंबड्यांची राखण करणारे पुष्कळ असतील; पण त्यांना खायला येणाऱ्याची इतक्या आस्थेनं चौकशी करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. आमचे हे शेजारी मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी चुलीतली राख चाळून ते खुराड्याभोवती पसरायचे आणि सकाळी चहाच्या आधी तिच्यावरचे ठसे वाचायचे. मुंगूस, रानमांजर, एकदा तर कोल्हा. कॉन्व्हेंटातून शिकून आल्यापासून माझ्या मराठीला लोक हसायचे, म्हणून मी फारसं बोलत नसे. काकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ते हाक मारून ठसा दाखवत, "मुंगूसच ना?" विचारत, मी मान हलवली की खूश होत. आजही कुठे राख सांडलेली दिसली की मी आधी पावलं शोधते.

दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे तारेची जाळी मिळत नव्हती. काकांनी मोडक्या खाटेच्या स्प्रिंगा आणि बाभळीच्या काट्या लावून खुराडं बंद केलं होतं. दार लोटलं की आपोआप पडणारी कडी त्यांनी स्वतः घडवली होती. मुंगूस कुठून शिरत असेल हे मुंगसाच्या जागेवरून बघावं, म्हणून एकदा ते स्वतःच आत घुसले आणि कडीनं आपलं काम चोख केलं. काकू बाजारातून आल्या. त्यांनी आधी भाजी निवडली, मग कडी काढत विचारलं, "अंडं दिलंत, की नुसतेच बसलात?"

त्या वर्षी काकांची लाडकी तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली आणि राखेत रोज मुंगसाची पावलं उमटू लागली. पिल्लं सुखरूप निघाली तर तांबडी देवाला, असं काका प्रार्थनेत बोलून गेले. पिल्लं निघाली. पण आमच्यात देवाला दिलेली कोंबडी देवाकडे राहत नाही. हंगामाच्या सणाला ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारात त्यांचा लिलाव होतो. काकांना हे आठवलं ते सणाच्या आदल्या दिवशी. बोली लावून परत घ्या, असं काकूंनी सुचवलं.

"एका हातानं देवाला द्यायचं नि दुसऱ्यानं उचलायचं?" काका म्हणाले. "ते मुंगसानं करावं."

दुसऱ्या दिवशी पाय बांधलेली तांबडी पाळकसाहेबांच्या हातात होती. दवाखान्यातले कंपाउंडर हौसेनं बोली चढवत होते. त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आले होते आणि मसाला सकाळीच वाटून झाला होता, हे ते सगळ्यांना सांगत होते. काका अगदी मागे, स्वतःच्या बुटांकडे बघत उभे होते. बुटांवर राख होती. इतके दिवस ज्या खाणाऱ्यासाठी पहारा केला, तो राखेवर पाऊलही न टाकता आला होता.

"आणखी कुणी?" पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझा हात वर गेला. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघू लागली.

"एक आणा जास्त," मी म्हणाले. "पण ती राहील काकांकडेच. मला अजून ठसे ओळखता येत नाहीत."