प्रेमाताईंना मिळालेली सूट

ओमानमधल्या सोहारच्या मराठी मंडळाच्या सभासद-अर्जात शिक्षणाचा एक रकाना होता आणि प्रेमा रहाटे दर वर्षी तिथे ‘बारावी (सायन्स)’ असं लिहायची. कंस तिच्या पदरचा होता. मंडळाला त्याची गरज नव्हती. मंडळाला गणपतीत एकवीस मोदक कोण करणार एवढंच हवं असे. पण नुसती बारावी लिहिली की आपण कुणीतरी दुसरीच बाई आहोत असं तिला वाटायचं.

एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची दापोलीची बारावी. जीवशास्त्रात शंभरपैकी शहाऐंशी. जूनमध्ये निकाल लागला, डिसेंबरात लग्न लागलं. मुलगा चांगला होता, आयटीआय होता, क्रेन दुरुस्त करायचा. पुढे हाच तानाजी सोहारच्या बंदराजवळ ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यात लागला आणि वर्षभरानं त्यानं बायको-मुलाला बोलावून घेतलं. प्रेमाच्या व्हिसावर ‘नोकरी करण्यास परवानगी नाही’ असा शिक्का होता. तिनं तो वाचला आणि कुकर लावला.

दोन हजार चौदाच्या जुलैत मुलगा, बंटी, पुण्याला इंजिनीअरिंगला गेला. प्रेमाच्या हातात दिवसाचे सात तास उरले. पहिल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात चिकटवायला डबे उरले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ती तानाजीला म्हणाली, “अहो, इथल्या कॉलेजात बायोलॉजी आहे. दोन वर्षं इथं करायची, मग मस्कतच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षं तिकडं. मग बीएस्सी.”

तानाजीनं बोटांवर हिशेब केला. “म्हणजे तू चव्वेचाळीसची होशील.”

“नाही केलं तरी होईनच.”

तानाजी हो म्हणाला. मस्कतला हमरियात त्याचा मामेभाऊ सहकुटुंब राहत होता. तिथे आठवड्याचे पाच दिवस काढता येतील हेही त्यानंच सुचवलं. मामेभावाला अजून विचारलं नव्हतं, पण दोन वर्षं होती.

कॉलेजात प्रवेश देणारा माणूस वसईचा निघाला. नॉरबर्ट. प्रेमाची गुणपत्रिका बघून तो खुर्चीतच सरळ झाला. “रत्नागिरी जिल्हा? अहो, मग इंग्लिशमध्ये काय बोलताय प्रेमाताई?” बाहेर रांगेत पंधरा मुली होत्या, तरी त्यानं चहा मागवला. परदेशात आपला माणूस भेटणं ही भाग्याची गोष्ट समजतात. प्रेमाही तसंच समजली.

“शहाऐंशी!” नॉरबर्ट म्हणाला. “मग बेसिक बायोलॉजी वन आणि टू कशाला करताय? दोन्ही माफ करून टाकतो. डायरेक्ट पुढचे विषय घ्या.”

“मला बसलं तरी चालेल की.”

“काय बसायचंय त्यात? कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात नि टाळ्या वाजवतात. तुम्ही घरी रोज सोलता.”

प्रेमा खरं तर कांद्याची साल बघायलाच आली होती. बावीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या पेशी, विटांसारख्या रचलेल्या, तिला पुन्हा एकदा बघायच्या होत्या. पण समोरचा माणूस एवढ्या आपुलकीनं काही देत असताना नको म्हणणं तिला शिकवलेलं नव्हतं. शिवाय तानाजी शेजारी बसला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

“आपला माणूस होता म्हणून,” गाडीत तो म्हणाला. “दुसरा कुणी असता तर विचारलं असतं? खलास, एक अख्खं वर्ष बसवलं असतं.” त्या गणपतीत ही सूट मंडळात सगळ्यांना कळली. नॉरबर्टकडे अळुवड्यांचा डबा गेला. कागदावर त्या दोन विषयांपुढे गुणांच्या जागी ‘माफ’ असं आलं, आणि कुणालाही ते वाईट दिसलं नाही.

पुढची दोन वर्षं प्रेमाच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गेली, असं म्हणायला हरकत नाही. वर्गात ती आणि एकोणीस वर्षांच्या सतरा ओमानी मुली. तिची प्रयोगातली जोडीदारीण सुरैया शिनासची होती. हिंदी सिनेमांवर वाढलेली, झुरळाला घाबरणारी. ती प्रेमाला खालती म्हणायची, म्हणजे मावशी.

“खालती, आप ही काटो. मैं लिखती हूँ.”

“लिहिणं मला जमत नाही गं इंग्लिशमध्ये. तू काप की.”

“नो नो. ये मुझे देख रहा है.”

“मेलंय ते, सुरैया.”

“फिर भी.”

शेवटी प्रेमा कापायची, सुरैया लिहायची आणि दोघींना ए मिळायचा. जेनेटिक्सच्या परीक्षेच्या आधी मुली प्रेमाकडे येऊन बसायच्या, पोहे खायच्या आणि त्यातली मोहरी वेचून बशीच्या कडेला लावायच्या. तानाजी दारातच बूट काढून परत जिन्यात जाऊन बसायचा, मुली जाईपर्यंत. एकदा तासभर बसला. तक्रार केली नाही, फक्त म्हणाला, “तो मेंडेल काय म्हणत होता, ते मलापण आता पाठ झालं.”

दरम्यान खनिज तेल भावात उतरलं. पंधरा साली उतरलं, सोळा साली आणखी उतरलं आणि कारखान्यांत ‘बघू’ हा शब्द वाढला. तानाजीचा करार दर दोन वर्षांनी नवा व्हायचा. त्या वर्षी साहेब म्हणाले, बघू. जिच्या नवऱ्याला नोकरी असते तिचाच व्हिसा असतो. प्रेमाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण युनिव्हर्सिटीत एकदा नाव लागलं की तिथून विद्यार्थिनी म्हणून वेगळा व्हिसा मिळतो, असं सुरैयाच्या भावानं चौकशी करून सांगितलं होतं. त्यामुळे सगळं युनिव्हर्सिटीतल्या त्या एका प्रवेशावर येऊन टेकलं. जूनमध्ये निकाल लागला आणि दोघं मस्कतला गेली.

युनिव्हर्सिटीतला अधिकारी रशीद अतिशय सभ्य होता. त्यानं कहवा दिला, खजूर पुढे केले, आणि मग कागदावर पेन ठेवून एकेक ओळ खाली सरकत गेला.

“इंग्लिश, ठीक. कॉम्प्युटर, ठीक. ओमानी समाज, ठीक. गणित, ठीक.” पेन थांबलं. “मदाम, बेसिक बायोलॉजी वन कुठे आहे?”

“माफ आहे.”

“टू?”

“ते पण माफ आहे.”

“माफ म्हणजे गुण नाहीत. गुण नसलेला विषय आम्ही घेऊ शकत नाही.” त्यानं पान उलटलं. “आणि मायक्रोबायोलॉजीला वन आधी लागतं. सेल बायोलॉजीला टू लागतं. जेनेटिक्सला दोन्ही.” तो एकेका ओळीवर अगदी हलक्या हातानं काट मारत गेला, कागद दुखावू नये अशा. “जेनेटिक्समध्ये तुम्हाला ए आहे, माशाल्ला. पण तो तुम्ही बायोलॉजी न शिकता मिळवला आहे.”

जीवशास्त्राच्या पदवीसाठी आलेल्या प्रेमाचे जीवशास्त्राचे सगळे विषय कटले. उरले ते इंग्लिश, गणित, कॉम्प्युटर आणि ओमानी समाज.

“आता काय करायचं?” तानाजीनं विचारलं.

“कॉलेजात ते दोन विषय करा. वन सप्टेंबरात असतो, टू फेब्रुवारीत. ते झाले की हे सगळे विषय धरता येतील. पुढच्या जूनमध्ये या, इन्शाल्ला.”

परतीच्या वाटेवर बरकाला तानाजीनं पेट्रोल भरलं आणि म्हणाला, “नॉरबर्टला फोन लावतो.”

नॉरबर्ट फोनवर जवळजवळ रडला. “प्रेमाताई, देवाशपथ, चांगल्यासाठीच केलं हो. कुणाला करत नाही मी असं.”

“माहितीय,” प्रेमा म्हणाली. तेच तर झालं होतं. त्या रांगेतल्या पंधराही मुलींना त्यानं काही माफ केलं नव्हतं, आणि त्यांतल्या नऊ आता युनिव्हर्सिटीत चालल्या होत्या. त्यांत सुरैया होती.

दुसऱ्या दिवशी नॉरबर्टनं ‘माफ’च्या जागी शहाऐंशी घालून बघितलं. दोन वर्षांपूर्वीचं सत्र कॉम्प्युटरमध्ये बंद झालं होतं. त्यानं तीनदा प्रयत्न केला. कॉम्प्युटर वसईचा नव्हता.

सप्टेंबरात प्रेमानं बेसिक बायोलॉजी वनला नाव घातलं. वर्गात नव्या मुली, अठराच्या. शिकवायला तेच सर, ज्यांनी तिला जेनेटिक्समध्ये ए दिला होता. पहिल्या तासाला त्यांनी “जीव म्हणजे काय?” असं विचारलं आणि तिची नजर टाळली. ती मात्र दुसऱ्या बाकावर बसून सगळं लिहून घेत होती. तिसऱ्या आठवड्यात कांद्याची साल आली. प्रेमानं चिमट्यानं ती पातळ सोलली, आयोडीनचा थेंब टाकला, भिंग खाली आणलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मागे रांग लागली. “मदाम, यल्ला, लवकर,” कुणीतरी म्हणालं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढं मात्र खरं की त्या दिवशी घरी येऊन तिनं तानाजीला सांगितलं, दिसलं मला, आणि काय ते सांगितलं नाही.

दहाव्या आठवड्यात ‘बघू’ची जागा कारखान्याच्या पत्रानं घेतली. तानाजीच्या नोकरीचा शेवटचा दिवस तीस नोव्हेंबर. परीक्षा पंचवीस डिसेंबरनंतर.

प्रेमानं विचारून पाहिलं: परीक्षा आधी घेता येईल का? नॉरबर्ट स्वतः दोनदा डीनकडे गेला. दुसऱ्या वेळी त्याला नीट सांगण्यात आलं की एका विद्यार्थिनीसाठी नियम वाकवण्याची या कॉलेजात पद्धत नाही. ‘अपूर्ण’ असा शेरा मिळेल. तो पुढच्या सत्रात प्रत्यक्ष येऊन पूर्ण करता येईल. भारतातून सोहारला, पर्यटक म्हणून, कांदा बघायला.

अठ्ठावीस तारखेला ती शेवटच्या तासाला गेली. पेशीविभाजन चालू होतं. गुणसूत्रं मधोमध रांगेत आली होती आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, उरलेलं पुढच्या तासाला. बाकीच्या मुलींनी वह्या मिटल्या. प्रेमानं त्या पानावर तारीख घातली.

घरी तानाजी खोक्यांना टेप लावत होता. सामान दापोलीला जायचं होतं, आणि तिथे त्याच्यासाठी काय काम होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी तो तिच्याबद्दल बोलला. त्यानं टेप दातांनी तोडली आणि म्हणाला, “गावाकडून बाहेरून परीक्षा देता येते की. बी.ए. तर देतातच लोक. तूपण दे.”

“बायोलॉजीला बाहेरून बसता येत नाही,” प्रेमा म्हणाली.

“का?”

“प्रॅक्टिकल असतं.”

त्यानं मान हलवली, जणू हे कारण त्याला पटलं, आणि पुढचं खोकं ओढलं. प्रेमानं त्यात आधी कुकर ठेवला. मग भांडी वाजू नयेत म्हणून मधल्या फटींत वह्या बसवल्या.