डिझेलमधली हवा

लँगसन हामुसोंडेच्या देखत कुणी डब्यातून थेट टाकीत डिझेल ओतलं, की त्याचं डोकंच फिरायचं. "लेकराला दूध गाळून पाजता ना रे? मग हिला का असलं गढूळ पाजता?" ही म्हणजे गावातल्या शेतकरी संस्थेचा जुना तांबडा ट्रॅक्टर. गावात सगळे तिला म्हातारीच म्हणत. म्हातारीची जेवढी बडदास्त होती तेवढी आपली आयुष्यात कधी झाली नाही, असं लँगसनची बायको पाण्यावर आलेल्या बायकांना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

डिझेलचं पिंप आलं की लँगसन ते आधी तिरकं करून ठेवी आणि त्याला कुणाला हात लावू देत नसे. पाणी आणि गाळ खालच्या कडेला बसला, की वरवरचं डिझेल बायकोच्या जुन्या चितेंगेचं, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या सुती कापडाचं, फडकं चौपदरी करून त्यातून गाळून घ्यायचा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी टाकी आणि पंप यांच्या मधली काचेची वाटी काढायची, तळाला साचलेलं पाणी ओतून द्यायचं, वाटी पुसून परत बसवायची. तरुणपणी एका गोऱ्या मालकाच्या शेतावर तो हे शिकला. मालक निघून गेला, शेताचे तुकडे झाले, ट्रॅक्टर संस्थेकडे आला आणि ट्रॅक्टरच्या मागोमाग लँगसनही. मोन्झे शहराच्या बाजारातून भारी ट्रॅक्टर आणणाऱ्यांना हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. त्यांचे ट्रॅक्टर आज गवतात उभे आहेत आणि त्यांच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. आणखी काय सांगायचं?

पण गेल्या हंगामापासून लँगसनच्या डोळ्यांवर साय धरायला लागली होती. माणसं तो चालीवरून आणि आवाजावरून ओळखू लागला. वाटीत खाली पाणी आणि वर डिझेल असलं की मध्ये एक बारीक रेघ दिसते, ती रेघच त्याला दिसेनाशी झाली. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दवाखान्यात जायचं तर मुलीला सांगावं लागणार, मुलीला सांगितलं की दिवस मावळायच्या आत गावाला कळणार, आणि आंधळ्याच्या हाती म्हातारी कोण देईल? म्हातारी गेली तर सकाळी उठून करायचं काय?

म्हणून त्याने सोंग सुरू केलं. वाटी उजेडाकडे धरायची, मान तिरकी करायची, "हं" म्हणायचं. यात एक वाईट गोष्ट झाली, आणि ती त्याची त्यालाही उमगली नाही. पूर्वी तो वाटीच्या वरच्या खाचेतलं रबरी कडं न बघता नुसत्या बोटाने चाचपून बसवायचा. आता कुणी आपल्याला चाचपडताना पाहिलं तर काय म्हणेल, या धास्तीने त्याने बोटं फिरवणंच सोडलं. डोळ्यांनी दिसत नव्हतंच, पण दिसतं असं दाखवण्यापायी तो हातांनाही मुकला.

गावात तो एकाच व्यक्तीला भ्यायचा, चोल्वेच्या आईला. लँगसन बकरीच्या कुळातला, ती तरसाच्या. या दोन कुळांचं थट्टेचं नातं, म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि समोरच्याने राग मानू नये. जो रागावला त्याचंच हसं. लँगसनची बायको वारली तेव्हा सगळं अंगण रडत होतं, आणि ही बाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बकऱ्या, तुझ्या अंगाच्या डिझेलच्या वासाने जीव गेला बिचारीचा. सुटली!" त्या दिवशी लँगसन पहिल्यांदा हसला, आणि हसल्यावर पहिल्यांदा मोकळेपणी रडला. असली ती बाई. तिच्या तावडीत आपले डोळे सापडले तर ती गावभर डांगोरा पिटेल, याची त्याला खात्री होती.

वाफसा आला आणि नांगरणीची घाई उडाली. म्हातारी सकाळी टाकी भरून निघायची, झकास चालायची आणि टाकी अर्धी झाली की खोकून बंद पडायची. लँगसनने येऊन डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढली की पुन्हा चालू, पुन्हा बंद. चालक होता फॅनवेल, तिशीतला, नुकता संसाराला लागलेला माणूस. तो बिचारा रोज शिव्या खात होता, कारण प्रत्येकाला आपलं शेत आधी हवं होतं.

एक दिवस म्हातारी चोल्वेच्या आईच्याच शेतात अडली. लँगसन पाना घेऊन आला. फिल्टरवरचा छोटा बोल्ट ढिला करून तो पंपाची दांडी खालीवर करू लागला. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. नितळ आलं की बोल्ट कसायचा. चोल्वेची आई त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"काय रे बकऱ्या, हिला चारा घालायला विसरलास का? की तूच खाल्लास?"

"तुझ्यासारखं उष्टं खात नाही मी, तरसे. बाजूला हो, उजेड अडतो." लँगसनने मान तिरकी केली, "हं" म्हणाला आणि बोल्ट कसला.

बुडबुडे अजून येत होते. चांगले मोठे, मसुराएवढे. चोल्वेच्या आईला ते स्वच्छ दिसले. तिने लँगसनच्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिचं उघडलेलं तोंड मिटलं.

तेवढ्यात संस्थेचे चेअरमन सिआमुंदे सायकल ढकलत आले. "लँगसन, रोज रोज काय हे? अर्ध्या टाकीवरच कसं काय बंद पडतं? वाटीत बघा जरा, पाणी आहे का?"

लँगसनने वाटीकडे पाहिलं. त्याला पिवळट अंधार दिसला. दिसत नाही असं म्हणायची वेळ होती ती, आणि तो म्हणाला, "पाणी असेल."

"म्हणजे कुणीतरी डिझेल काढून घेतंय आणि पाणी भरतंय," सिआमुंदे म्हणाले आणि फॅनवेलकडे वळले.

फॅनवेलचा चेहरा पडला. "चेअरमनसाहेब, आईशप्पथ..."

"शपथा उद्या बैठकीत घे."

ते गेले. चोल्वेची आई घरातून चिब्वान्तु या आंबट पेयाने भरलेला भोपळा घेऊन आली, आणि तिने तो गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, गावातल्या एखाद्या वयोवृद्धापुढे धरावा तसा. "घ्या. दमला असाल," ती म्हणाली.

लँगसनने एक घोट घेतला आणि भोपळा परत केला. बायकोच्या प्रेतासमोर जिने त्याला सोडलं नाही, ती आज त्याच्यापुढे गुडघे टेकत होती. म्हणजे हिला कळलं. आणि कळून हिला आपली कीव आली. डांगोऱ्याची त्याने इतके दिवस धास्ती घेतली होती, पण हे त्याहून फार वाईट होतं. घरी जाताना त्याला रडू फुटलं, आणि निदान रस्त्यात कोण बघतंय ते दिसत नाही याचंच त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या शेडसमोर बैठक बसली. फॅनवेल एका बाजूला उभा, त्याची बायको दूर बायकांत मान खाली घालून. कालपासून बाजारात दोघांना चोर म्हणून हाक मारणारे निघाले होते. आपल्या गावात एवढं व्हायला वेळ लागत नाही. सिआमुंदेंनी सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "लँगसन, या कामात तुमचा शब्द शेवटचा. काल म्हणालात तेच सर्वांसमोर सांगा, म्हणजे याला काढून टाकायला आपण मोकळे."

लँगसन उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर म्हातारी त्याच्याकडे राहिली असती. कुणाला काही कळलं नसतं. जिला कळलं होतं ती बोलणार नव्हती. त्याने बायकांच्या घोळक्याकडे तोंड केलं.

"चोल्वेच्या आई, आहेस ना तिथे?"

"आहे."

"मग गप्प का? नाकात बोट घातलं तरी माझी टर उडवतेस तू. आज तोंडात हाडूक अडकलं का, तरसे? काल मी बोल्ट कसताना काय पाहिलंस ते सांग. तुझा हक्क आहे. सांग सगळ्यांना, मी काय आहे ते!"

चोल्वेच्या आईने पदरासारखं गुंडाळलेलं चितेंगे तोंडाशी नेलं, मग सोडलं.

"आंधळा बकरा आहेस तू," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "नुसता आंधळा नाहीस, ढोंगी आहेस! मसुराएवढे बुडबुडे येत होते आणि हा म्हणतो हं! चेअरमननी समोर हत्ती उभा केला असता तरी हा हंच म्हणाला असता!"

लोक खो खो हसले. थट्टेच्या नात्यात हसायचंच असतं.

"बरोबर बोलली ती," लँगसन म्हणाला. "मला दिसत नाही. पाणी मी पाहिलंच नव्हतं."

हसणं थांबलं. लँगसन म्हातारीकडे गेला, सवयीने नाही तर हात पुढे करून, चाचपडत, सर्वांच्या देखत. त्याने काचेची वाटी सोडवली, डिझेल मनगटावरून ओघळलं. मग त्याने वरच्या खाचेत बोट घातलं आणि सावकाश गोल फिरवलं. एक रबरी कडं लागलं, नवं, मऊ. ते काढून पुन्हा बोट फिरवलं. त्याखाली आणखी एक होतं, जुनं, चपटं होऊन लोखंडाला चिकटून बसलेलं. त्याने नखाने ते उचकटून काढलं आणि तळहातावर ठेवून सिआमुंदेंपुढे धरलं.

"जुनं न काढताच मी वर नवं बसवलं. वाटी नीट बसलीच नाही. टाकी भरलेली असली की डिझेल आपल्या वजनाने खाली येतं, तोवर चालतं. टाकी उतरली की पंप ओढायला लागतो आणि फटीतून हवा खेचतो. पाणी नाही, चोरी नाही. हे माझं काम."

सिआमुंदेंनी ते कडं उचलून उजेडात धरलं आणि बैठक संपली असं सांगितलं. लोक एकेक करून उठले. काहीजण जाताना फॅनवेलच्या पाठीवर थोपटत होते, काल चोर म्हणणारेही त्यात होते. फॅनवेलने कुणाकडे पाहिलं नाही. तो लँगसनसमोर येऊन थांबला.

"माझ्या बायकोला काल बाजारात कुणी पीठ दिलं नाही. आणि वाटीत पाणी पाहिलंच नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काल संध्याकाळी माझ्या घरावरून गेलात तुम्ही. आत आला असतात तर?"

"यायला हवं होतं." माफ कर म्हणायला ओठ हलले, पण म्हटलं असतं तरी ते फार थोडं झालं असतं, हे त्याला कळत होतं. तो वाटी पुसत राहिला. वाटी केव्हाच कोरडी झाली होती.

फॅनवेलने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "उद्या सकाळी ही कुणी उघडायची?"

"तू. तुला बुडबुडे दिसतात. मी... मी म्हातारीजवळ नुसता उभा राहीन, चालत असेल तर."

"नुसतं उभं राहून काय उपयोग?" फॅनवेल चिडूनच म्हणाला. त्याने लँगसनचं मनगट धरलं आणि त्याचं बोट नेऊन त्या रिकाम्या खाचेत टेकवलं. "आधी तुम्ही बोट फिरवायचं. तुम्ही ठीक म्हटल्याशिवाय मी वाटी बसवणार नाही."