खिशातली बॅटरी अन् झाकलेली विहीर

दोस्तहो, आज जे घडलं ते लगेच लिहितो.

सकाळी टेंभुर्णीच्या बाजारात भजे खायला गेल्तो अन् खिशात मावणारी एलईडी बॅटरीच घेऊन आलो. बोटाएवढी, पण उजेड जबरदस्त.

दुपारी केदारखेड्याला मामाच्या शेतात पोचलो. तिथं फळ्यांनी झाकलेली जुनी विहीर हाय. आत बादली पडल्ती. म्हटलं, बॅटरीची परीक्षा घेऊ. दोरीला बांधून खाली सोडली, तर तळातल्या बादलीची कडीसुद्धा लख्ख दिसली.

"बराबर दिसतंय मामा, उतरतो," म्हणत मी पायरीवर पाय ठेवला.

मामानं कॉलरच धरली. "थांब रे शहाण्या! आधी कंदील सोडू."

"भर दुपारी कंदील? एवढी भारी बॅटरी असताना?"

"तिला श्वास घ्यावा लागत न्हाई, भाच्या. तुला लागतो."

पेटता कंदील अर्ध्यावर गेला अन् विझला. खाली श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. माझी बॅटरी मात्र तळाशी मजेत चालू होती.

बॅटरी चांगली हाय, खोटं कशाला बोलू. पण तिच्या उजेडाची आता भीती वाटून राह्यली.

तुमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी कंदील कोण सोडतं? अन् तो माणूस त्या दिवशी घरी नसला, तर?