परळची गधेगाळ

आमच्या ह्यांना जुने शिलालेख वाचायचं वेड. पोटासाठी कचेरीत कारकुनी, जीव मात्र दगडांत. लग्न माझ्याशी केलंत आणि संसार दगडांशी, असं मी तोंडावर म्हणायची. परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी एक गधेगाळ उभी होती. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली बाईवर चढलेलं गाढव. चाळीतली माणसं देव समजून तिला शेंदूर फासायची. खरा अर्थ ह्यांनाच ठाऊक. राजाने दिलेलं दान किंवा ही शिळा जो मोडेल, त्याच्या आईला दगडात कोरलेली ती शिवी होती.

लेखाच्या शेवटच्या ओळी जमिनीत गाडलेल्या होत्या. त्या सकाळी ह्यांनी माती उकरली, ओला कागद दगडावर ब्रशने बडवून बसवला आणि शाईचा ठसा घेतला. शिवी अख्खी निघाली, तीही मराठीत. मुंबईतली इतकी जुनी मराठी, उद्याच छापायला पाठवतो, म्हणत हे हसत होते.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दुपारी लालबागकडून लाठ्या आल्या, अश्रुधूर आला. पोरांकडचे दगड संपले, तेव्हा शेजारच्या खोलीतला, गिरणीत जाणारा मुलगा घण घेऊन गधेगाळीवर धावला. हे आडवे झाले.

"अरे, मराठीच आहे रे ती!"

घण ह्यांच्या उजव्या हातावर बसला. हाडं मोडल्याचं मी जिन्यावरून ऐकलं. त्या क्षणी तो पोरगा हाती लागता तर मीच त्याला ठेचला असता. शिळेचे तुकडे पोलिसांवर गेले, एका शिपायाचं तोंड फुटलं. मग गोळी आली. पोरगा त्याच तुकड्यांत कोसळला, मांडीतून रक्त उसळत होतं. हे डाव्या पंजाने जखम दाबून बसले. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर त्याची आई आली. ह्यांच्या प्लॅस्टरकडे बघून रडली. मग म्हणाली, "लोक म्हणतत, दगडार शाप होतो. काय लिवलेला होता तेच्यार?"

वाचनात एका कान्यामात्रेची तडजोड न करणारा हा माणूस. शांतपणे म्हणाला, "देवळाला जमीन दिल्याचं होतं, वहिनी. बाकी सगळं झिजलेलं."

ती गेली. ह्यांनी मला ठसा स्टोव्हवर धरायला सांगितला. मला रडू फुटलं, पण धरला. जाड कागद हळूहळू पेटत गेला, आणि हे अखेरपर्यंत त्यावरची ओळ वाचत राहिले.