हमीदभाईंचा बिनगव्हाचा पिझ्झा

हमीदभाई शेख नाना पेठेतल्या एका बेकरीत मैदा मळायला लागले, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता दाढी पांढरी झाली आहे, तरी वारज्याहून सकाळची पहिली बस धरून ते तिथे जातात. मालक म्हणतात, "चाचा, आता खुर्चीवर बसा, नुसतं सांगत जा." हमीदभाई हो म्हणतात आणि बाह्या वर करतात. मळता मळता एका क्षणी गोळा हाताखाली बदलतो. मऊ होतो, ताणला तर तुटत नाही, सोडला तर परत जागेवर येतो. त्याला ते 'पिठात जान आली' असं म्हणतात. ती कशी ओळखायची, हे त्यांना कधी कुणाला शब्दांत सांगता आलं नाही. हात लावून बघ, एवढंच ते सांगत.

त्यांची नात जोया नऊ वर्षांची झाली तरी सहा वर्षांची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दर दोन दिवसांनी जुलाब. जंत, दूध, बाहेरचं खाणं, नजर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, आतड्याचा नमुना तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं, सिलिअ‍ॅक.

"गहू बंद करायचा," त्या म्हणाल्या. "मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किटं, सगळं बंद."

"कधीपर्यंत?" मेहजबीननं, जोयाच्या आईनं विचारलं.

"कायमचं."

हमीदभाईही सोबत गेले होते. त्यांनी भीतभीत विचारलं, "डॉक्टर, गव्हात असं असतं तरी काय?"

"ग्लूटेन असतं, काका. पीठ मळलं की चिवट होतं, ताणलं जातं ना? ते त्याच्यामुळे. तेच हिला चालत नाही."

रिक्षात हमीदभाई मुलाला, अझीमला म्हणाले, "आपण सगळे तेच खाऊन वाढलो ना?"

"आपल्याला चालतं, अब्बा. तिला नाही चालत."

"एकाच घरात?"

अझीमलाही ते नीट कळलेलं नव्हतं.

घरातून चपात्या गेल्या. भात, ज्वारीची भाकरी आणि नाचणी आली. एक दिवस मेहजबीननं हिंगाची डबीसुद्धा कचऱ्यात टाकली, कारण खड्याची पूड करताना त्यात मैदा घालतात म्हणे. हमीदभाईंनी ती डबी उचलून चष्म्याजवळ धरली आणि बराच वेळ वाचली. हिंगात मैदा कशाला, हे त्यांना काही केल्या पटेना. दोन-तीन महिन्यांत जोयाच्या गालांवर थोडी लाली आली. पूर्वा नावाची आहारतज्ज्ञ होती, ती दर महिन्याला वजन बघायची. काटा पुढे सरकू लागला.

मग सोसायटीतल्या स्पृहाचा वाढदिवस आला. तिथे पिझ्झा होता. जोया घरून पोह्यांचा डबा घेऊन गेली. स्पृहाच्या आईला वाईट वाटलं. तिनं फोन करून मेहजबीनला विचारलं, "वरचं चीज खरवडून दिलं तर चालेल का हो?" मेहजबीन नाही म्हणाली. जोया परत आली ती सरळ आजोबांकडे.

"दादाअब्बा, तुम्ही बेकरीत सगळ्यात सीनियर आहात ना?"

"लोक तसं म्हणतात."

"मग मला चालेल असा पिझ्झा तुम्हाला येत असेल."

येत नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण म्हणाले, "रविवारी करू."

रविवारी त्यांनी समोरच्या वैजनाथच्या गिरणीतून ज्वारीचं ताजं पीठ आणलं. बेकरीतून आपली जुनी पत्र्याची थाळी आणली होती, ती घासूनपुसून लखलखीत केली. पीठ, यीस्ट, कोमट पाणी, मीठ, तेल. मळायला लागले आणि थांबले. पुन्हा मळायला लागले. गोळा ताणला की मध्येच तुटायचा. पाणी घातलं तर चिखल व्हायचा, पीठ घातलं तर भेगा पडायच्या. जान यायची वाट बघत ते मळत राहिले, ती काही येईना. घाम पुसून ते बायकोला म्हणाले, "जुबेदा, हे पीठ बोलतच नाही."

"भाकरीचं पीठ आहे ते, काय बोलणार?" जुबेदाबी म्हणाल्या. "उकड काढा आधी."

उकड काढली. थापून जाडसर चकती केली. वर टोमॅटोची चटणी, सिमला मिरची, चीज. ओव्हनमधून निघालं ते भाकरी आणि खारी यांच्या मधलं काहीतरी होतं. जोयानं मात्र चीजची तार हातभर लांब ताणली आणि अख्खा पिझ्झा संपवला. हमीदभाई समोर बसून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती दोन दिवस अंथरुणात होती.

हमीदभाईंना काहीच समजेना. गव्हाचा कणही घातला नव्हता. बेकरीत पाव बिघडला तर कारण सापडतं. यीस्ट जुनं, पाणी गरम, भट्टी थंड, यातलं एक निघतंच. इथे त्यांनी एकेक जिन्नस आठवून बघितला आणि प्रत्येक जण निर्दोष दिसला. ते पूर्वाकडे गेले. तिनं पीठ कुठून आणलं, पोळपाट कोणता, थाळी कोणती, मळलं कुणी, कोणत्या कपड्यांत, असं सगळं विचारलं.

"यातलं काहीही असू शकतं," ती म्हणाली.

"पण नेमकं कोणतं?"

"नेमकं नाही सांगता येणार, काका. चिमूटभरानंही तिला त्रास होतो."

तिथून ते वैजनाथकडे गेले. "ज्वारीवर दळलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"ज्वारीवरच. पण ज्वारीच्या आधी गहू, गव्हाच्या आधी डाळ," वैजनाथ पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून म्हणाला. "चाचा, गिरणी आहे. ऑपरेशन थिएटर नाही."

त्याच्या भुवयांकडे बघताना हमीदभाईंनी स्वतःचा हात पुढे घेतला. मनगटाच्या सुरकुत्यांत मैदा होता. नखांत होता. घरी येऊन आरशात बघितलं तर कानाच्या पाळीमागेही होता. आणि रोज दुपारी ते बेकरीतून येत, तेव्हा जोया धावत येऊन त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसायची.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच ती धावत आली, तशी ते मागे सरले. हात वर धरून, भिंतीला घासत सरळ न्हाणीघरात गेले. असं चार-पाच दिवस चाललं. मग तिनं धावत येणं बंद केलं. ते आले की ती आतल्या खोलीत निघून जायची. त्यांना वाटलं, पोरगी शहाणी झाली, समजून वागते.

"कसली शहाणी," जुबेदाबी म्हणाल्या. "मला विचारत होती, माझा आजार दादाअब्बांना लागतो का म्हणून."

हमीदभाईंचा घास हातातच राहिला. असा अर्थ निघेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते उठून आत गेले. जोया पाठ करून चित्र रंगवत होती.

"तुझं मला काही लागत नाही, बेटा," ते म्हणाले. "माझं तुला लागतं. माझ्या अंगावर मैदा असतो."

"रोज?"

"रोज."

"मग अंघोळ केल्यावर?"

"अंघोळ केल्यावर नसतो. बहुतेक."

तिनं थोडा विचार केला आणि त्यांच्या दंडाला नाक लावून वास घेतला. "साबणाचा वास येतोय," ती म्हणाली आणि त्यांना बिलगली.

काम सोडावं का, असं त्यांनी मेहजबीनला विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, घरी बसून तुम्ही आजारी पडाल. मग मी दोघांना सांभाळू?" शेवटी मालकांनी बेकरीच्या मागची मोरी त्यांच्यासाठी साफ करून दिली. आता ते तिथेच डोक्यावरून अंघोळ करतात आणि धुतलेले कपडे घालून बस धरतात. ते कपडे ते मालकांच्या केबिनमध्ये ठेवतात. बेकरीची थाळी परत गेली. घरात नवा पोळपाट आला. ज्वारी धुऊन, गच्चीवर वाळवून मेहजबीन घरीच मिक्सरमधून काढू लागली.

पीठ मात्र तुटतच होतं. पूर्वानं सांगितलं, त्यात थोडा इसबगोल घाला, चिकटपणा येईल. हमीदभाई औषधाच्या दुकानात गेले.

"रात्री कोमट पाण्यातून घ्या," दुकानदार पुडा देत म्हणाला.

"पिझ्झ्यात घालायचाय."

दुकानदारानं त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. "मग डोस मला माहीत नाही," तो म्हणाला.

हमीदभाईंनाही माहीत नव्हता. पहिल्यांदा इतका घातला की गोळा रबरासारखा झाला. पुढच्या वेळी कमी घालून त्यांनी तांदळाची पिठी मिसळली. या खेपेला गोळा हाताखाली जरासा दबला आणि सावकाश वर आला. मैद्यासारखा नाही, वेगळाच. ही जान म्हणायची का, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी डोळे मिटून पुन्हा दाबून बघितलं.

त्या दिवशीचा पिझ्झा फुगला. जोयानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी हमीदभाई बेकरीत सारखे फोन बघत होते आणि त्या नादात त्यांच्या हातून खारीची अख्खी खेप काळी झाली. हाताखालची पोरं एकमेकांकडे बघत राहिली. दुपारी मेहजबीनचा फोन आला, "शाळेतून आली. खाली खेळतेय."

"पोट?"

"काही नाही, अब्बा. ठीक आहे."

मग आधी नेमकं काय नडलं होतं? गिरणी, थाळी, की त्यांचे हात? ते कधी कळलंच नाही. त्यामुळे आता ते तिन्हींची काळजी घेतात.

पुढच्या रविवारी तेच पीठ, तेच माप, तोच ओव्हन. आणि पिझ्झा मधोमध दुभंगला.

"काय चुकलं?" जुबेदाबींनी विचारलं.

"कळत नाही," हमीदभाई म्हणाले आणि तुकडे वाटीत गोळा करू लागले. जोयानं चमचा मागितला.