टाकीवरचं लाल गवत

रंगीत काही दिसलं की काकांचा अंगठा आधी जिभेवर जायचा आणि मग त्या वस्तूवर. ओल्या अंगठ्यानं दोनदा घासायचं, अंगठा उजेडात धरून बघायचा आणि निकाल द्यायचा, "पक्को" किंवा "कच्चो". माझ्या लग्नातल्या फेट्यालाही त्यांनी सोडलं नाही. भर मांडवात म्हणाले, "कच्चो हा रे, घाम गाळू नको."

करी रोडच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे. मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या रंगखात्यात लाल रंगाची टाकी त्यांच्याकडे होती, त्यामुळे हात कोपरापर्यंत लाल. काकी त्यांना भाकरीच्या पिठाला शिवू देत नसत. रंग बदलायचा झाला की टाकी धुवावी लागे. बाकीचे लोक पाणी मारून मोकळे व्हायचे, काका आत उतरून घासायचे. "एक डाग रवलो, तर काम रवला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक डाग राहिला तरी त्यांच्या लेखी काम झालंच नव्हतं. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सोबत काम करायला त्रासाचा, पण विश्वासाचा.

मग संप झाला. गणपतीपर्यंत मिटेल असं सगळे म्हणत होते. गणपती आले आणि गेले. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जायचो. एका दुपारी परतलो तर काका गॅलरीत बसून स्वतःचे हात न्याहाळत होते. नखांमधला शेवटचा लाल रंगही निघून गेला होता.

"हे हात माझे वाटनत नाय," म्हणाले.

मी काहीतरी विनोद केला. ते हसले नाहीत.

संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. काकांनी शिवडीच्या गोदामात ओझी उचलली, परळला वड्याच्या गाडीवर उभे राहिले. गिरणी पडून तिथे टॉवर झाला तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते आणि मी त्याच टॉवरच्या सोसायटीत टायपिस्ट होतो. टायपिस्ट म्हणजे पडेल ते सगळं. मीच त्यांना बागेत माळी म्हणून चिकटवलं.

बागेच्या कंत्राटदारानं शोभेचं एक परदेशी गवत आणलं होतं. पातं खाली हिरवं, टोकाकडे लालभडक. काकांनी सवयीनं अंगठा ओला करून पात्यावर घासला आणि कितीतरी वेळ अंगठ्याकडे बघत राहिले. "पक्को." आवाज जरा बदलला होता. मग कंत्राटदाराला हाताला धरून लॉनच्या मधोमध नेलं आणि हे इथेच लावा, म्हणून हट्ट धरला. मला नंतर हळूच म्हणाले, "हय माझी टाकी होती."

"कशावरून ओळखलंत? इथे तर काही खूण नाही."

"पायांक म्हायत हा."

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. काका दर खंडेनवमीला सकाळी लवकर येऊन त्या गवताला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू वाहत, नारळ ठेवत आणि वर्दळ सुरू व्हायच्या आत सगळं आवरून टाकत. सबंध गिरणीतलं त्यांच्यासाठी एवढंच उरलं होतं.

आता गवताचंही खरं सांगायला हवं. ते गुणाचं नव्हतं. जमिनीखालून टोकदार पांढरी मुळं सोडत ते लॉनमध्ये घुसायचं, आणि लांब जाऊन वर यायचं ते पुष्कळदा नुसतंच हिरवं, लाल रंगाचा पत्ता नाही. काका रोज बसून ते फुटवे उपटायचे. पण त्यांचे गुडघे दुखायला लागले तशी गवताची सरशी होऊ लागली.

अशाच एका वर्षी खंडेनवमीला त्यांना आवरायला उशीर झाला. एका बाईंनी कुंकू आणि नारळ पाहिला, आणि तासाभरात "बागेत कुणीतरी करणी केली" हे वरच्या मजल्यापर्यंत पोचलं. संध्याकाळी कमिटीची सभा. काका दाराशी हात जोडून उभे होते. "पूजा केलेली, दुसरा काय नाय," एवढंच म्हणाले. कशाची पूजा ते मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून सभेचं इतिवृत्त लिहीत राहिलो. बोललो असतो तर मला कोणी कामावरून काढलं नसतं. तरी बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

लॉन खराब होतं असं कारण लिहून ठराव झाला. पत्र मीच टाइप केलं, "सदर गवत समूळ काढून टाकावे." काकांना वाचूनही मीच दाखवलं.

"बरा," म्हणाले.

चार दिवस ते खणत होते. माती चाळणीतून चाळून घेत होते. चौथ्या दिवशी मला राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, "काका, एखादं मूळ राहू द्या की. कोण बघतंय?"

त्यांनी मान वर केली. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "डाग रवलो, तर काम रवला. तुका इतक्या वर्षांत ह्या पण कळला नाय?"

खड्डा बुजवला, वर लॉनचे तुकडे बसवले, पाणी घातलं. खुरपं धुऊन पुसून माझ्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. होळीच्या आधी वारले.

पुढच्या खंडेनवमीला मी झेंडूचं एक फूल घेऊन लवकर गेलो. टाकीवर ठेवायचं, एवढंच मनात होतं. लॉनवर तीनदा इकडून तिकडे चाललो. माझ्या पायांना काही माहीत नव्हतं. मग गुडघ्यांवर बसून हातानं चाचपत शोधलं. एखादं लाल टोक, एखादा हिरवा फुटवा, काहीही चाललं असतं. सगळीकडे एकसारखं लॉन. फूल खिशात ठेवून ऑफिसात येऊन बसलो.

आयुष्यात एकदा तरी काकांनी काम अर्धवट सोडायला हवं होतं.