फिकट अक्षरांतले ‘नको’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

मी मराठी मजकूर लिहून देते. मनीषनगरचे घर, गॅलरीतल्या कुंड्यांच्या ओल्या मातीचा वास, समोर संगणक. संकेतस्थळावर जे तुम्ही न वाचता पुढे जाता, तेही कुणीतरी लिहिलेले असते. मी कविता शिकलेली बाई. ओळीत श्वास कुठे थांबतो, नजर कुठून घसरते, हे मला कळते. ही जाण मी कशासाठी वापरली?

बायकांना आरोग्यसल्ला देणारे एक संकेतस्थळ होते. गोळ्याही घरपोच मिळत. आत शिरू देण्याआधी बायकांची परवानगी घ्यायची. मालकांना बायकांची माहिती औषधे विकणाऱ्यांना द्यायची होती — आणि तसे सांगायचे नव्हते. मी लिहिले : ‘इथे मन मोकळे करा. तुमची गोष्ट आमच्यापाशी जपलेली राहील, आणि तुमच्या काळजीपोटी आमच्या सोबत्यांपर्यंत पोहोचेल.’ ‘जपलेली राहील’पाशी श्वास थांबतो. पुढचे कुणी वाचत नाही. खाली ‘मान्य’ गडद जांभळे. ‘नको’ पांढऱ्यावर राखाडी, उन्हात दिसूही नये असे. तो राखाडी रंगही मीच सुचवला होता.

सुषमा माझी मामेबहीण. शहराच्या कडेला वाडीला, गोदामांच्या मागे भाड्याच्या खोलीत राहते; तिथे हवेलाही डिझेलची चव असते. तिला दोन मुली. नवऱ्याला मुलगा हवा होता. तिला पुन्हा दिवस जायला नको होते — दुसऱ्या वेळी ती मरता मरता वाचली होती. गोळ्या त्याच्या नकळत घ्यायच्या, माझ्या पत्त्यावर मागवायच्या, असे ठरवून ती आली. माझ्याच शेजारी बसून तिने मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडले.

“कोणं लिवलं वं हे, ताई? तुह्यावानीच गोड गोड बोलून राहिलं!” ती हसली. मग अंगठा तसाच अधांतरी ठेवून म्हणाली, “कोणाले सांगतीन तं नाही ना?”

दाबू नकोस, एवढेच म्हणायचे होते. पण तिने विचारले असते — काहून?

मी म्हणाले, “नाही वं. दाब.”

काही दिवसांनी औषधवाल्यांचा फोन आला. सुषमाचा मोबाइल चार्जिंगला होता, उचलला तिच्या नवऱ्याने. पलीकडची मुलगी अदबीने बोलली म्हणे — मॅडमच्या गर्भनिरोधक गोळ्या संपत आल्या असतील, पुन्हा पाठवायच्या का?

पुढचे सांगायला माझ्याजवळ सुंदर शब्द नाहीत. तिच्या गालावर बोटे उमटली होती. गोळ्या बंद झाल्या. तिसरे बाळंतपण झाले. सुषमा वाचली, बाळ वाचले नाही. इस्पितळात फिनेलचा वास होता, आणि तिच्या ओल्या पदराला दुधाचा. छताकडे पाहत ती म्हणाली, “मीच काईतरी चुकीचं दाबलं असन, ताई.”

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले — किती हळुवारपणे! — आणि म्हणाले, “असन.”

आता कायदा आला आहे. विचारायचे ते स्पष्ट शब्दांत. नकार देणे होकाराइतकेच सोपे. मालकांनी नवा मजकूर माझ्याकडूनच घेतला : ‘तुमचा फोन नंबर आणि तुमच्या गोळ्यांची नावे आम्ही औषधे विकणाऱ्यांना देऊ. ते तुम्हाला फोन करतील. चालेल का?’ चहा निवण्याआधी लिहून झाले. तेव्हाही झाले असते.

मोबाइलने काही विचारले की सुषमा आता बोट लावत नाही. माझी भेट होईपर्यंत थांबते, आणि मग मोबाइल माझ्यापुढे धरते.

“तूच पाय वं ताई. तू म्हणशीन तेच दाबीन.”

मी वाचून दाखवते. ती दाबते.